नाव, छबी आणि कर्ज : मराठी नटाने स्वतःला बाजारात कसे उभे केले (१८४३–१९३८)

१/२४
१९०१ साली भाऊराव कोल्हटकर निवर्तले. मराठी संगीत रंगभूमीवरचा तो त्या काळातील सर्वांत लाडका आवाज होता. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन भारतात आले. अवघे थोडेसे अंतर पडले आणि भाऊरावांचा आवाज कायमचा हरपला. तरीही पुढच्या दोन पिढ्या त्यांचे नाव घेत राहिल्या. आकाशवाणी नाही, चित्रपट नाही, ध्वनिमुद्रिका नाही, अशा काळात नटाचे नाव गावोगाव पोहोचत होते ते कसे? आणि त्या नावाची किंमत कोणाच्या पदरात पडत होती? त्याचा हा मागोवा.

२/२४
प्रारंभ सांगलीपासून करावा लागतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी तेथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले. पाठीशी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन होते. राजाश्रयात नटाला स्वतःची जाहिरात करावी लागत नाही. प्रेक्षक ठरलेला, बिदागी ठरलेली, आणि प्रसन्न करायचे ते एकाच व्यक्तीला. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि हा आधार सुटला. नटसंच तयार होता, आख्याने बसलेली होती. नव्हता तो फक्त पोशिंदा. मराठी नट बाजारात उतरला तो हौसेने नव्हे, तर या निकडीतून.

३/२४
भाव्यांची मंडळी दौऱ्यावर निघाली आणि १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात तिचे प्रयोग झाले. हे नाट्यगृह जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले होते. प्रयोगाच्या जाहिराती शहरातील इंग्रजी वृत्तपत्रातून आल्या. तिकीट काढून येणारा हा प्रेक्षक अनोळखी होता. त्याला गृहीत धरता येत नव्हते. घराबाहेर पडण्यासाठी त्याला आधी काहीतरी आश्वासन द्यावे लागत होते. आरंभी ते आश्वासन पौराणिक आख्यानाचे आणि नेत्रदीपक युद्धप्रसंगांचे होते. नटाचे नाव त्यात गौण होते.

४/२४
३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि आश्वासनाचे स्वरूप पालटले. आता लोक गाणे ऐकायला येऊ लागले, आणि गाणे म्हटले की गाणारा आला. बाळकोबा नाटेकर, मोरोबा वाघोलीकर ही नावे रसिकांच्या तोंडी रुळली. तरीही पाटीवरचे नाव ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ हेच होते. म्हणजे नाटककाराच्या आडनावावर नाटक कंपनी ओळखली जाई आणि नट त्या कंपनीचा म्हणून ओळखला जाई. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे हेच समीकरण उलटणार होते.

५/२४
त्या काळच्या नाटक कंपनीचा दिनक्रम पाहिला म्हणजे नाव कसे पसरत असे ते उमगते. कंपनी एका गावी काही आठवडे मुक्काम ठोकी. सामानाच्या पेट्या, पडदे, आचारी, वादक, शिकाऊ मुले असे सारे बिऱ्हाड बरोबर असे. भिंतींवर जाहिराती लागत, हस्तपत्रके वाटली जात, आणि पहिला प्रयोग झाला की उरलेले काम प्रेक्षकच करीत. रात्री सुरू झालेले नाटक ‘वन्समोअर’च्या गजरात पहाटेपर्यंत चाले. सकाळी बाजारात, वाड्यांच्या ओट्यांवर आणि कचेऱ्यांत त्याच पदांची चर्चा होई. ‘वन्समोअर’ ही केवळ दाद नव्हती. कोणता नट तिकीट खपवतो, हे मालकाला सांगणारी ती रोखठोक पावती होती.

६/२४
भाऊराव बडोद्याचे. १८८२ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला, सुभद्रा या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्र जिंकला. त्यांच्या गळ्यात लावणीची फेक होती, त्यामुळे पिटातला प्रेक्षकही त्यांचा आणि पुढच्या खुर्च्यांतलाही त्यांचाच. पण स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचे भांडवल झिजणारे असते. वय वाढते, अंग भरते, चेहऱ्याची कोवळीक जाते. भाऊरावांनी हे वेळीच ओळखले. पुढे ते पुरुषभूमिकांकडे वळले आणि १८९९ च्या ‘शारदा’त कोदंड झाले. प्रेक्षकांनी नायिकेवर केलेले प्रेम नायकाच्या खात्यात वळते करून घेणे ही सोपी गोष्ट नव्हे. त्यांना ते साधले.

७/२४
या साऱ्या झगमगाटामागे एक कटू वास्तव होते. नटाचा आवाज समाजाला हवा होता, नट मात्र नको होता. ‘नाटक्या’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. नाटकात गेलेला मुलगा कामातून गेला, असे घरोघर मानले जाई. नटाला मुलगी देताना लोक मागेपुढे पाहत. त्यामुळे मराठी नटापुढचा प्रश्न केवळ प्रसिद्धीचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता. त्याला स्वतःची कला विकायची होती आणि त्याच वेळी आपण विकाऊ नाही, हेही समाजाला पटवून द्यायचे होते. पुढील पन्नास वर्षांतील त्याच्या प्रत्येक खटपटीच्या मुळाशी ही दुहेरी कसरत आहे.

८/२४
गद्य रंगभूमीने यावर आपला उपाय शोधला: थोर भूमिकेशी नटाची सांगड घालणे. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी म्हणजे हॅम्लेट, हे समीकरण इतके दृढ झाले की आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलेले ते नाटक सुशिक्षितांच्या दृष्टीने गणपतरावांचेच झाले. त्यांच्यासमोर नायिकेच्या भूमिकेत बळवंतराव जोग असत आणि ही जोडी म्हणूनही ओळखली जाई. महाविद्यालयात शेक्सपिअर वाचलेला तरुण तिकीट काढू लागला, तेव्हा नटाच्या पेशाला थोडी विद्वत्तेची झळाळी चढली.

९/२४
भाऊराव गेल्यावर किर्लोस्कर मंडळीत पोकळी निर्माण झाली. ती भरून निघाली १९०५ मध्ये. नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा तरुण मिरजेत शकुंतलेच्या वेषात रंगमंचावर आला. तत्पूर्वी त्याच्या कानाचे दुखणे बळावले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या आश्रयाने मिरजेच्या मिशन रुग्णालयात डॉ. वॉनलेस यांच्याकडे त्यावर उपचार झाले, अशी हकीकत सांगितली जाते. भाऊरावांची शकुंतला पाहिलेल्या प्रेक्षकांपुढे शकुंतला म्हणूनच उभे राहायचे, हे मोठे धाडस होते. ते फळले.

१०/२४
या तरुणाजवळ आणखी एक ठेवा होता. बालपणी पुण्यात त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, असे परंपरेने सांगितले जाते. या एका शब्दाचे मोल मोठे होते. ‘राजहंस’ हे एका कुटुंबाचे आडनाव होते. ‘बालगंधर्व’ ही थेट लोकमान्यांच्या मुखातून आलेली शिफारस होती. ज्या घरांत नटाला उंबऱ्याबाहेर ठेवले जाई, त्याच घरांत टिळकांची तसबीर असे. त्या घरांतील स्त्रीपुरुषांना नाटकाला येण्यास त्या नावाने जणू परवानाच दिला.

११/२४
पदवी ही नटाची जाहिरात असते, हे मग साऱ्यांनाच कळले. केशवराव भोसले ‘संगीतसूर्य’ झाले. रामभाऊ कुंदगोळकरांचे गाणे ऐकून अमरावतीचे दादासाहेब खापर्डे म्हणाले की हे तर सवाई गंधर्व, आणि तेच नाव कायमचे चिकटले. ‘सवाई’ या शब्दातच तुलना दडलेली आहे: मूळ गंधर्वापेक्षा पावपट अधिक. पुढे सौदागर नागनाथ गोरे ‘छोटा गंधर्व’ झाले. एका नटाचे नाव हे आता मोजमाप बनले होते. नव्या कलावंताला लोकांपुढे आणायचे तर त्याच मापाने त्याची ओळख करून दिली जाऊ लागली.

१२/२४
दरम्यान ग्रामोफोन आला होता. १९०२ च्या ध्वनिमुद्रणात कोलकात्याच्या गौहरजान यांनी गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारले. मुद्रिका जर्मनीत छापल्या जात. तबकडी कोणाची हे तेथील कारागिरांना कळावे, म्हणून ही सोय होती. पण ऐकणाऱ्याच्या कानी प्रत्येक वेळी ते नाव पडत राहिले. तांत्रिक गरजेतून आपोआप उत्तम जाहिरात घडली. नाट्यपदांनाही हे नवे दार उघडले. रंगमंचावर अर्धा तास रंगणारे पद जेमतेम तीन मिनिटांत बसवावे लागे. आलापी छाटली जाई, मुखडा आणि निवडक ताना उरत. ज्या गावी कंपनीचा मुक्काम कधी पडला नाही, तेथेही बालगंधर्व त्या तबकडीतून पोहोचले.

१३/२४
प्रत्येकाने ही वाट स्वीकारली असे नाही. ‘स्वयंवर’ला चाली देणारे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांच्या चाली शिष्याच्या कंठातून घरोघर पोहोचल्या, त्यांचा स्वतःचा आवाज मात्र भाऊरावांच्या आवाजाप्रमाणेच हरपला. भाऊरावांना संधीच मिळाली नव्हती. बुवांच्या काळी यंत्र हाताशी होते. बाजाराकडे पाठ फिरवणाऱ्या कलावंताचे काय होते आणि त्याला सामोरे जाणाऱ्याचे काय होते, हे गुरु-शिष्यांच्या या जोडीत एकत्र दिसते.

१४/२४
आवाजानंतर छबी. स्त्रीवेषातील बालगंधर्वांची छायाचित्रे घरोघर गेली. नऊवारी नेसण्याची ढब, खोप्यावर माळलेला गजरा, नथ, शेला घेण्याची तऱ्हा, हे सारे प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया न्याहाळत आणि अनुकरण करीत. सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीसाठीही त्यांचे नाव वापरले गेले. एका पुरुषाकडे पाहून स्त्रियांनी नटावे, ही आज चमत्कारिक वाटणारी गोष्ट त्या काळी स्वाभाविक होती. कारण सार्वजनिक ठिकाणी, हजार लोकांसमोर, देखणेपणाने वावरणारी कुलीन ‘स्त्री’ पाहायला मिळे ती रंगमंचावरच. प्रत्यक्ष स्त्रीला ती मुभा नव्हती. बालगंधर्वांच्या छबीची बाजारातील किंमत या सामाजिक बंधनावर उभी होती.

१५/२४
या नावाचे ओझे किती, ते १२ मार्च १९११ रोजी दिसले. मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग जाहीर झाला होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी मृत्यू पावली. प्रयोग पुढे ढकलण्याची सूचना झाली. त्यांनी ती मानली नाही आणि त्या रात्री भामिनीची भूमिका केली. पुढे ही घटना कर्तव्यनिष्ठेची कथा म्हणून अनेकदा सांगितली गेली, आणि ती तशी आहेही. परंतु तिची दुसरी बाजू अशी की रसिकांना ‘मायबाप’ म्हणणाऱ्या नटाला शोक करण्यासाठीही एक रात्र स्वतःची उरली नव्हती.

१६/२४
पगारी नटाचे नाव तिकिटे खपवी, नफा मात्र मालकाकडे जाई. हे गणित प्रथम उलटवणाऱ्यांत केशवराव भोसले अग्रभागी होते. बालपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत ‘शारदा’ गाजवणाऱ्या या कोल्हापूरच्या कलावंताने १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत ‘ललितकलादर्श’ स्थापन केली. तेव्हा त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. पाच वर्षांनी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि १९१३ मध्ये ‘गंधर्व नाटक मंडळी’ उभी राहिली.

१७/२४
आता चौथ्या टिपणातील पाटी पुन्हा आठवावी. ‘किर्लोस्कर’ हे नाटककाराचे नाव होते. ‘गंधर्व’ ही नटाची पदवी होती. तेहतीस वर्षांत पाटीवरची जागा लेखकाकडून नटाकडे आली. तिघे भागीदार होते. बोडस कसलेले नट होते, टेंबे नट आणि संगीतकार होते. पण नाव एकाचेच लागले, कारण तेच नाव खपत होते. नटाच्या दृष्टीने हा परमोच्च विजय होता. त्यात एक धोकाही होता: ज्याचे नाव पाटीवर, त्याचेच नाव कर्जखतावर.

१८/२४
गंधर्व मंडळीने वैभवाची परिसीमा गाठली. १९१६ च्या ‘स्वयंवर’मधील रुक्मिणीचे उंची शालू, अस्सल दागिने, प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर यांच्या आठवणी लोक पुढे आयुष्यभर सांगत राहिले. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर कांबळे असे खंदे वादक होते. १९१९ मध्ये गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त हीच रुक्मिणी दारिद्र्याने गांजलेली सिंधू होऊन आली आणि तेथेही प्रेक्षक हेलावला. परंतु नावाला साजेसे वैभव राखण्याचा खर्च नावाच्या कमाईहून वेगाने वाढत होता. पुढे टेंबे आणि बोडस दोघेही बाहेर पडले, कंपनीवरचे कर्ज लाखांच्या घरात गेले, आणि ते आपण फेडू असे बालगंधर्वांनी सांगितले. त्या कर्जाखाली त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. सावकाराला तारण म्हणून दाखवण्याजोगे त्यांच्याजवळ एकच होते: पुढच्या प्रयोगाची तिकीटविक्री.

१९/२४
त्याच १९१३ साली दुसरा बाजार उघडत होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. नटांसाठी फाळक्यांनी वृत्तपत्रात जाहिरात दिली होती. मनाजोगते चेहरे मिळेनात. तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्या भूमिकेत उभे राहिले. रंगभूमीवर पदवी, गळा, गुरु, कंपनी यांतून नाव घडत असे. या नव्या बाजारात अनोळखी चेहराही चालणार होता, फक्त तो छायाचित्रकाच्या कसोटीस उतरायला हवा. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. एका मोठ्या बदलाची ही पहिली चाहूल होती.

२०/२४
रंगभूमीच्या बाजारातील सर्वांत विलक्षण रात्र मात्र अद्याप यायची होती. केशवराव आणि बालगंधर्व हे परस्परांचे स्पर्धक. रसिकांत त्यांचे सरळ दोन तट होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे एकत्र आले. ‘संयुक्त मानापमान’: केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. ज्या स्पर्धेवर दोन्ही कंपन्यांची तिकिटे खपत होती, तीच स्पर्धा एका रात्रीपुरती राष्ट्रकार्याला वाहिली गेली. शिवाय ‘नाटक्या’ म्हणून हिणवल्या गेलेल्यांनी त्या रात्री लोकमान्यांच्या नावाच्या फंडात भर घातली. अवघ्या तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, एकतिसाव्या वर्षी केशवराव विषमज्वराने गेले. ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली आणि कंपनी तगली. पाटीवर व्यक्तीऐवजी कलेचे नाव असण्याचा हा लाभ.

२१/२४
१९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलपटाचे युग सुरू झाले. हरिश्चंद्र झाले होते गंधर्व मंडळीचे जुने भागीदार गोविंदराव टेंबे. तारामती होत्या दुर्गा खोटे. एका प्रतिष्ठित घरातील स्त्री पडद्यावर उभी होती. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि ज्योत्स्ना भोळे घराघरांत पोहोचल्या. चौदाव्या टिपणातील ते सामाजिक बंधन सैल होत होते. ते सैल झाले तसा स्त्रीवेषधारी नटाच्या छबीचा आधार निसटू लागला. बालगंधर्वांचे गाणे उणावले नव्हते. त्यांच्या प्रतिमेची गरज उणावत होती.

२२/२४
गंधर्व मंडळीचा गाडा थांबला आणि बालगंधर्वांनी प्रभातशी करार केला. योजना अनेक चित्रपटांची होती, निघाला एकच. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले, दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. छायाचित्रक समोरच्या प्रेक्षकासारखी दाद देत नाही. तेथे ‘वन्समोअर’ नाही, पद खुलवायला रात्र नाही. तुकड्यातुकड्यांनी होणाऱ्या त्या कामात त्यांचे मन रमले नाही आणि ते बाहेर पडले. याच्या शेजारी विष्णुपंत पागनीस ठेवून पाहावेत. तेही एके काळचे स्त्रीभूमिका करणारे गायक नट. १९३६ मध्ये प्रभातच्याच ‘संत तुकाराम’मध्ये त्यांनी तुकोबा उभे केले आणि तो चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसपर्यंत गेला. फरक गुणांचा म्हणता येणार नाही. पागनीसांना प्रेक्षक नव्याने स्वीकारू शकले, कारण त्यांच्या मनात पागनीसांची जुनी प्रतिमा तितकी घट्ट बसलेली नव्हती. बालगंधर्वांच्या एकनाथात मात्र लोक रुक्मिणी आणि सिंधू शोधत राहिले. भाऊरावांना साधलेले स्थित्यंतर त्यांना साधले नाही, कारण ते करण्याची वेळ कधीच टळून गेली होती.

२३/२४
१९३८ मध्ये गोहर कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या. ज्या भूमिकांनी बालगंधर्वांचे नाव घडले, त्या आता एक स्त्री करू लागली आणि ते पुरुषभूमिकांत दिसू लागले. जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही. ज्या रसिकांनी पुरुषाला स्त्री म्हणून मनोमन स्वीकारले होते, त्यांनाच स्त्रीच्या भूमिकेत स्त्री पाहणे जड गेले. पुढचा काळ उतरणीचा होता. पाय अधू झाले, प्रयोग थांबले, गाणे मात्र शक्य तेवढे चालू राहिले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण असे सन्मान लाभले. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले.

२४/२४
पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये स्वतः बालगंधर्वांच्याच हस्ते बसवण्यात आली होती. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते खुले झाले. तेव्हा ते हयात नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. त्या वास्तूला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली, तेव्हा केशवरावांना कधीही न ऐकलेली माणसे हळहळली. या नाट्यगृहांच्या दारावर नव्या नटांच्या नावांचे फलक लागत आले. त्यांच्यामागेही तीच खटपट असते: एखादी ओळख, एखादी छबी, एखादी शिफारस, आणि अनोळखी प्रेक्षकाने तिकीट काढावे ही आस. शंभर वर्षांपूर्वीच्या नटांनी त्या आशेपायी काय मिळवले आणि काय गमावले, हे त्या फलकांच्या वर कोरलेल्या दोन नावांत वाचता येते.